जवळचे आप्त

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
३० सप्टेंबर २००२

पाळकसाहेब, शालोम.

अक्षर ओळखलंत का? नसेल ओळखलं तर सांगते. मी मिल्का रोहेकर. पुण्याच्या शाळेत तुमच्या कांचनच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. ती भूगोल शिकवायची, मी गणित, आणि मधल्या सुट्टीत दोघी मिळून मुख्याध्यापिकेच्या नावाने बोटं मोडायचो. दर शनिवारी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तारे उगवायची वाट बघणारी ती ज्यू बाई, असं म्हटलं म्हणजे नक्की आठवेन.

कांचन गेल्याचं मला आत्ता कळलं, वर्ष उलटून गेल्यावर. शाळेतल्या एका जुन्या बाईंचा फोन आला होता. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "कांचनबाई असत्या तर हसल्या असत्या." मी विचारलं, असत्या तर म्हणजे? मग सगळं कळलं. तुमचा पत्ताही त्यांनीच दिला. तुम्ही टेक्सासात मुलाकडे, मी इथे लेकीकडे, दोघं एकाच देशात, आणि मला कुणी एक ओळ लिहू नये? राग आलाय. तो कुणावर काढायचा हे ठरेना, म्हणून कागद घेतला.

बातमी कळली त्याच आठवड्यात आमचा दारफळणीचा सण आला. घराची दारं लावून घ्यायची आणि दिवसभर पाणीसुद्धा न पिता प्रार्थनेत घालवायचा. त्या दिवशी जुन्या काळच्या महायाजकाचं वाचन असतं. तो एकटाच पडद्याआड जातो, बाकीचे बाहेर थांबतात. इतकी वर्षं मी ते पाठ म्हटल्यासारखं ऐकत आले. या खेपेला वाटलं, कांचन पडद्याआड गेली आणि मला बाहेर थांबायलाही कुणी बोलावलं नाही.

तिला त्रास झाला का? तुम्ही जवळ होतात ना? एवढं कळवा, म्हणजे मला बरं वाटेल.

मिल्का रोहेकर

फ्रिस्को, टेक्सास
२ नोव्हेंबर २००२

रोहेकरबाईंना सलाम.

अक्षर पाहताक्षणी ओळखलं. माझं तुम्हाला ओळखता येईल असं वाटत नाही. उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण शर्टाची बटणं लावताना जीव जातो तो निराळा. उत्तराला उशीर झाला त्याचं हेही एक कारण.

कांचन हृदयविकाराने गेली. झोपेतच गेली, तेव्हा त्रास झाला नसावा. मी इथे होतो.

माझं बरं चाललं आहे. मुलगा शैलेंद्र, सून शुभा दोघंही कामावर जातात, नात नेत्रा शाळेत. मी दिवसभर या मोठ्या घराची राखण करतो. घरात माणसांपेक्षा न्हाणीघरं जास्त आहेत. चालायला बाहेर पडलो की रस्त्यावर मी एकटाच. गाडीतून जाणारे लोक हा म्हातारा हरवला आहे की काय, अशा नजरेने बघतात.

तुम्हाला एक विचारायचं होतं. इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी उपासनेला जमते. विनय नावाचा नागपूरकडचा मुलगा ती चालवतो. नाताळात प्रभुभोजन मी द्यावं असा त्याचा हट्ट आहे. म्हणतो, "काका, तुम्ही समोर बसलेले असताना मी भाकर मोडायची, हे फार ऑड वाटतं." मी त्याला बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढून दाखवला. पहिला महायाजक अहरोन, त्याच्या वंशातल्या ज्याच्या अंगी व्यंग आहे, जो आंधळा आहे, लंगडा आहे, ज्याचा हात मोडला आहे, त्याने देवाचं अन्न अर्पायला पुढे येऊ नये. विनय म्हणाला, "पण काका, हे ओल्ड टेस्टमेंट झालं ना?" त्याला काय सांगणार? प्याला हातात घेतला तर अर्धा द्राक्षरस लोकांच्या अंगावर जाईल.

पुस्तक मुळात तुमचं. तुमच्याकडे या नियमाचा अर्थ काय लावतात, सवडीने लिहा.

जगन्नाथ मकासरे

श्रूजबरी
२० नोव्हेंबर २००२

पाळकसाहेब, शालोम.

मी दोन प्रश्न विचारले होते. एकाचं उत्तर तुम्ही "मी इथे होतो" या तीन शब्दांत उरकलंत आणि मग पानभर न्हाणीघरं मोजलीत. विद्यार्थ्याने पेपरात असं केलं असतं तर मी मार्क कापले असते. पण सांगावंसं वाटत नसेल तर राहू द्या.

आता तुमच्या व्यंगाकडे वळते. आधी हे सांगा, तुम्ही ख्रिस्ती लोक याजक कधीपासून ठेवायला लागलात? रविवारी तुमच्या देवळात कांचनसोबत मी एकदोनदा मागच्या बाकावर बसले आहे. तुम्ही हात उंचावून सांगत होतात, की मंदिरातला पडदा फाटला, बकऱ्या-कोकरांचे बळी संपले, आता एकच महायाजक आणि बाकी आपण सगळे सारखे. मला तर थोडा रागच आला होता, आमचं सगळं सामान तुम्ही अडगळीत टाकलंत म्हणून. आणि आता त्याच अडगळीतून नेमका स्वतःला टोचणारा तेवढा खिळा शोधून आणलात? शिवाय तुमच्या त्या महायाजकाच्या, येशूच्या, हातांना खिळ्यांची भोकं आहेत, असं तुम्हीच शिकवता. त्याला चालतं आणि तुम्हाला चालत नाही?

आमचं म्हणाल तर आम्हा बेने इस्राएलांत, कोकणातल्या ज्यूंत, पिढीजात याजक घराणी नाहीतच. माझे वडील प्रार्थना चालवायचे. त्यांचा एक डोळा अधू होता. ते पोथी नाकाला लावून वाचायचे आणि ओळ चुकली की शेवटच्या बाकावरून माझी आजी ती मोठ्याने सांगायची. कुणी त्यांना उठवलं नाही.

आणि अध्याय दाखवायचाच होता तर पुरा दाखवायचा होतात. थोडं पुढे काय लिहिलंय? व्यंग असलेल्या याजकाने वेदीपुढे जाऊ नये, पण देवाचं अन्न त्याने खायचं आहे. पवित्र आणि परमपवित्र, दोन्ही. वाढता येत नसेल तर पंगतीला बसा, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा भाकर विनयला मोडू द्या आणि तुम्ही गुपचूप जेवा. जेवता ना?

तुमच्या पत्रावरून शनिवारच्या त्या संध्याकाळी आठवल्या. कांचन रविवारची भाकर मळायला घ्यायची, बिनखमिराची. तारे दिसेपर्यंत माझा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुटलेला नसायचा, म्हणून मी कामाला हात लावायचा नाही. माझ्याकडे एकच काम होतं. परातीत पाणी पडलं की मी म्हणायचं, "कांचन, मीठ." मिठावाचून अर्पण नाही, हे तिने माझ्याकडून ऐकलं होतं आणि फार मनावर घेतलं होतं. पण बोलण्याच्या नादात दरवेळी विसरायची. देवाने आपल्या लोकांशी मिठाचा करार केला असं आमच्या शास्त्रात आहे, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खाल्ल्या मिठाला तोसुद्धा जागतो म्हण की." मग खिडकीतून तारे दिसले की ती आधी माझा चहा टाकायची.

इथे शनिवारी तारे दिसतात. चहा माझा मीच करते.

मिल्का

फ्रिस्को
११ जानेवारी २००३

रोहेकरबाईंना सलाम.

गणिताच्या बाई तुम्ही. नुसत्या उत्तराने तुमचं भागत नाही, रीत दाखवावी लागते. तर ही घ्या रीत.

नाताळची उपासना झाली. भाकर विनयने मोडली. मी मागच्या सोफ्यावर बसलो होतो. ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते पुढच्या माणसाकडे सरकवलं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं, पण नेत्राने पाहिलं. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "आजोबा, आर यू मॅड ॲट गॉड?" शैलेंद्रने लगेच रेडिओ लावला.

तुम्ही विचारलंत, जेवता ना? नाही जेवत. कांचन गेल्यापासून एकदाही नाही. हाताचं दुखणं त्यानंतरचं आहे. ते सोयीचं पडलं म्हणून मी पुढे करतो, आणि लोक बिचारे मान हलवतात.

मी दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये इथे आलो. तिचा व्हिसा अडला होता. नाताळपर्यंत मिळेल, तुम्ही पुढे व्हा म्हणाली. अकरा सप्टेंबरला ते सगळं घडलं. निवृत्तीनंतर आम्ही नगरला राहायला गेलो होतो, तिथल्या घरी शेजारीपाजारी जमले, पाळकसाहेब अमेरिकेत आहेत म्हणून घाबरलेले. तिने शाळेचा जुना नकाशा भिंतीवर लावला, पट्टीने न्यूयॉर्क ते टेक्सास अंतर मोजून दाखवलं आणि सांगितलं, आमचे हे फार लांब आहेत, त्यांना काही होत नाही. सगळ्यांना चहा करून घातला. इकडून मी फोन लावत होतो, लाइन मिळत नव्हती. पहाटे ती झोपेतच गेली.

कळलं तेव्हा इथली सगळी विमानं जमिनीवर होती. शैलेंद्र फोनला चिकटून बसला होता. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, काहीच उडत नाहीये. कोणीच काही सांगत नाहीये." तिकडून मेहुण्यांचा निरोप आला, बर्फावर किती ठेवायचं? मी म्हटलं, माती द्या. आम्ही पोचलो तोवर आठवडा होऊन गेला होता. मातीचा उंचवटा आणि वाळलेली फुलं, एवढंच माझ्या वाट्याला आलं.

बाई, मी किती घरांत जाऊन किती लोकांच्या बायकांना माती दिली असेल. माझ्याच बायकोला मी शिवलो नाही. मला तिचा हात हातात घ्यायचा होता, बाकी काही नाही. थंड असता तरी चाललं असतं.

अहरोनाची दोन मुलं एका दिवसात गेली, तेव्हा त्याने देवाचं अन्न खाल्लं नाही. त्याचा भाऊ मोशे रागावला. अहरोन म्हणाला, आज माझ्यावर हे असं ओढवलं असताना मी जेवलो असतो तर ते देवाला आवडलं असतं का? मी त्याच अध्यायात अडकून बसलो आहे. आणि त्याच एकविसाव्यात, व्यंगाच्या नियमाच्या वरच, आणखी एक नियम आहे. तो मी विनयला दाखवला नाही. याजकाने प्रेताला शिवू नये, मात्र जवळच्या आप्तांसाठी चालेल. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बिनलग्नाची बहीण. यादी तिथे संपते. बायको नाही. मी पुनःपुन्हा वाचलं, बोट ठेवून वाचलं. ती यादीत नाही.

तुम्ही म्हणाल, तुमच्या लेखी तर ते शास्त्र संपलं. मीही हेच शिकवलं. पण ज्या देवाने ती यादी केली त्याच्याच ताटात मी कसा हात घालू? त्याला ती आठवली नाही.

तुम्हाला राग येईल असं लिहिलं असेल तर माफ करा.

जगन्नाथ

श्रूजबरी
२ फेब्रुवारी २००३

भावोजी,

आज पाळकसाहेब म्हणवत नाही. कांचन मला बहिणीसारखी होती, तर तुम्ही माझे भावोजीच लागता. इतकी वर्षं उगाच अंतर ठेवलं.

तुमचं पत्र लेकीपासून लपवून बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि तिथेच रडले. नकाशा आणि पट्टी. अगदी तिचंच.

आता मी सांगते ते नीट वाचा. तुमच्या मराठीत "जवळचे आप्त" लिहिलंय, आणि पुढे आई-बाप आले म्हणून तुम्ही समजलात की ते मथळ्यासारखं आहे, खरी यादी पुढे आहे. आमच्याकडे तसं वाचत नाहीत. इब्रीत, म्हणजे हिब्रूत, तिथे शब्द आहे "शेएर". शेएर म्हणजे मांस, देह. वाक्य असं आहे: याजकाने शिवू नये, मात्र त्याच्या अगदी जवळच्या, त्याच्या स्वतःच्या देहासाठी चालेल; आणि आई, आणि बाप, आणि मुलगा. हा "स्वतःचा देह" कोण? आमचे जुने शास्त्री सांगतात, त्याची बायको. मी वडिलांच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं. आठवणीवर विसंबायचं नाही म्हणून वुस्टरच्या सिनेगॉगमधल्या राबींना, तिथल्या धर्मगुरूंनाही विचारून आले. लेकीने बर्फातून ड्राइव्ह करून नेलं, वाटेत मला दोनदा वेडी म्हणाली. राबींनी पुस्तक उघडून दाखवलं.

भावोजी, ती यादीत आहे. पहिली आहे. आईच्याही आधी. तिचं नातं लिहिलेलं नाही, कारण तिला नातेवाईक धरलेलंच नाही. तिला तुमचाच देह धरलं आहे. आणि आमच्या मते तिला शिवण्याची नुसती परवानगी नाही, ते याजकाचं कर्तव्य आहे. कितीही पवित्र काम हातात असलं तरी ते टाकून त्याने तिच्याकडे जायचं. देव तिला विसरला नव्हता. विमानं उडत नव्हती, एवढंच.

तिचा हात हातात घेता आला नाही, हे दुःख मी कमी करू शकत नाही. ते राहणारच. पण ते मोठं करायला देवाची साक्ष काढू नका. ती साक्ष तुमच्या बाजूने आहे.

जेवण्याबद्दल यापुढे विचारणार नाही. अहरोनाचं उत्तर ऐकून मोशे गप्प झाला आणि त्याला ते पटलं, असं पुढे लिहिलंय. मोशे गप्प बसला, तर मिल्का रोहेकरनेही बसावं.

तुमची
मिल्का

श्रूजबरी
१९ मार्च २००३

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. मीही काही विचारत नाहीये. इथे बर्फ काळं पडायला लागलंय, म्हणजे थंडी सरत आली म्हणतात. हात कसा आहे, एवढं नेत्राकडून लिहवून घेतलंत तरी चालेल.

मिल्का

फ्रिस्को
२१ एप्रिल २००३

मिल्काताई, सलाम.

उत्तर लिहायला बसायचो आणि तुमचंच पत्र पुन्हा वाचत राहायचो. तुमचं पत्र बायबलात त्याच पानावर ठेवलं आहे. शैलेंद्रलाही वाचायला दिलं. वाचून तो म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी अजून ट्राय करायला हवं होतं." तो हे इतके दिवस मनात घेऊन फिरत होता. मी तिच्यासाठी झुरत होतो आणि माझं लेकरू माझ्याच घरात, माझ्यासमोर झुरत होतं. मला दिसलं नाही. दोघं गराजमध्ये उभे राहून रडलो. हे घर एवढं मोठं, पण आम्हाला जागा सापडली ती गाड्यांच्या मधली.

गेल्या गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवशी, मंडळी आमच्याकडे होती. एरवी विनय दुकानातली चपटी बिस्किटं आणतो. मी शुभाला सांगितलं, या खेपेला भाकर मी करीन. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताला झेपेल का?" मी म्हटलं, वाढायला झेपणार नाही, मळायला झेपेल. आणि खरंच झेपलं. पिठाला थरथरणारा हात चालतो, उलट बरं मळलं जातं. कांचन कसं करायची ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. शनिवारी मी शेजारच्या खोलीत उद्याचं प्रवचन लिहीत असायचो. तुमच्या दोघींच्या हसण्याने व्यत्यय येतो म्हणून दार लोटून घ्यायचो. आता ते दार उघडं असायला हवं होतं असं फार वाटतं. पण मीठ लक्षात होतं, तुमच्या पत्रामुळे. घातलं. मळता मळता शंका आली, घातलं की नुसतं घालायचं ठरवलं? विचारायला कोणी नव्हतं. तुमची जागा रिकामी होती, मिल्काताई. पुन्हा घातलं.

संध्याकाळी सगळे जमले. भाकर विनयनेच मोडली, मी मागेच बसलो. पण या वेळी ऐकत होतो. भाकर उचलून तो म्हणाला, "हे माझं शरीर आहे." हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलो. प्रत्येक वेळी माझं तोंड लोकांकडे असायचं आणि शब्द माझ्याकडून त्यांच्याकडे जायचे. माझ्याकडे येताना ते मी कधी ऐकलेच नव्हते. तुमचा तो शब्द आठवला, स्वतःचा देह. देवा, माफ कर. त्या एका वाक्यात मला प्रभूचा आणि कांचनचा, असे दोघांचे आवाज आले.

ताट आलं. तुकडा उचलताना हात इतका हलला की तो गालिच्यावर पडला. नेत्राने तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटून धरली. मी खाल्ला.

खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं, कांचनमुळे. मग पाहिलं तर विनयच्याही डोळ्यांत पाणी. खोलीभर लोक तोंडं वाकडी करून घास गिळत होते. शेवटी नेत्राच म्हणाली, "आजोबा, इट्स सो सॉल्टी." सगळे हसले, मीही हसलो. करार जरा जास्तच पक्का झाला.

प्रार्थना संपली तेव्हा ताटात दोन तुकडे राहिले होते. एक तुम्हाला पाठवावा असं मनात आलं. पण तुमचा बेखमीर भाकरीचा सण चालू, त्या आठवड्यात तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातलं खाणार नाही. शिवाय सकाळपर्यंत काही उरवू नये, हे तुमच्याच शास्त्राचं सांगणं. दुसरा कुणाच्या वाट्याचा, ते तुम्हाला सांगायला नको.

दोन्ही मीच खाल्ले. पाणी न पिता खाल्ले.

तुमचा
जगन्नाथ